कापसाच्या वाटेवरचे पडदे

अमरावतीच्या नकाशात राजकमल चौक आहे, प्रभात चौक आहे. श्याम, चित्रा आणि सरोज हेही चौकच आहेत. पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या या शहरात कमी नाहीत, पण ऑटोवाल्याला पत्ता सांगताना तोंडी येतात ती टॉकीजची नावे. अकोल्यातही टिळक रोडवर माणेक टॉकीज म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही, आणि खुले नाट्यगृह ही तर नाटक न पाहणाऱ्यांचीही खूण आहे. एवढ्याशा दोन शहरांत पडद्याला इतकी जागा कशी मिळाली, याचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: वऱ्हाडी माणूस मुळातच शौकीन, खाणारा-खिलवणारा, गाण्यानाटकाचा भोक्ता. ऐकायला हे बरे वाटते, पण त्याने उलगडा काहीच होत नाही. शौकीन माणसे कोकणातही होती, मराठवाड्यातही होती. तिथे नाटक मंडळ्यांचे मोठे मुक्काम पडले नाहीत आणि चित्रपट वितरणाची पेठही उभी राहिली नाही. अमरावती-अकोल्याची नाटकगृहे आणि टॉकीज ही कापसाच्या व्यापाराची एक शाखा होती, असे माझे म्हणणे आहे. नाटक कापसातून उगवले, असा याचा अर्थ नव्हे. कोणती कंपनी केव्हा येणार, किती दिवस राहणार, कुठे उतरणार, तिला आगाऊ पैसे कोण देणार आणि पुढे सिनेमाचे हक्क कोणत्या गावात विकले जाणार, हे कापसाच्या हंगामाने, कापसाच्या रेल्वेने आणि कापसाच्या पतीने ठरवले.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तेव्हा इंग्रजांचा डोळा इथल्या काळ्या जमिनीवर होता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथली रुई मिळेनाशी झाली आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची लाइन भुसावळवरून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत 1867 साली नागपूरला पोचली. मुख्य लाइन अमरावती शहराला टाळून गेली, म्हणून बडनेऱ्याहून फाटा काढला गेला. खामगावला जलंबहून फाटा निघाला आणि 1870 साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो तिथे आले. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली अरुंद लाइन टाकली गेली, तीही गाठींसाठीच. बाजाराला कायदाही इथेच आधी मिळाला. कारंज्याचा बाजार 1886 साली नियंत्रित झाला आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. देशात नियंत्रित बाजाराची ही सुरुवात मानतात. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, दलाल, अडते, हुंड्या आणि मुंबईच्या पेढ्यांच्या शाखा हे सगळे नाटकाच्या आधी येऊन बसले होते. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या कोणी घडवली, त्याला त्या कुऱ्हाडीचा दांडा कोणाच्या हातात होता हेही ठाऊक असावे.

किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात उभे राहिले आणि पुढची पन्नास वर्षे संगीत नाटक मंडळ्या गावोगाव फिरत राहिल्या. मंडळी म्हणजे नुसते नटांचे टोळके नव्हते. नट, गवई, साथीदार, आचारी, शिंपी, पडदे ओढणारे, ट्रंका, गालिचे, रंगवलेले पडदे आणि पोरेबाळे असा साठ-सत्तर जणांचा संसार असे, आणि तो रोज जेवत असे. असा संसार बैलगाडीने चार गावे हिंडून पोसला जात नाही. त्याला रेल्वे स्टेशन लागते, महिनाभर राहायला वाडा लागतो, नाटकगृह भाड्याने लागते आणि मुख्य म्हणजे ज्याच्या हातात रोकड आहे असा प्रेक्षक लागतो. वऱ्हाडात ही रोकड वर्षभर नसे. दिवाळीच्या आगेमागे सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा होऊन वेचा सुरू होई, कापूस बाजारात येई आणि उलंगवाडी होईपर्यंत म्हणजे साधारण फाल्गुनापर्यंत पैसा फिरत राही. मंडळ्यांच्या वऱ्हाड-खानदेश दौऱ्याचे दिवस हेच. पावसाळ्यात मुंबई-पुण्याकडे किंवा एखाद्या संस्थानात तळ ठोकायचा आणि कापूस फुटला की पूर्वेची गाडी धरायची, हा त्यांचा हिशेब होता. दौऱ्याची व्यवस्था कंत्राटदार करी. तो मंडळीला ठरावीक रक्कम कबूल करी, काही आगाऊ देई आणि तिकिटाचे उत्पन्न आपल्या पदरात घेई. पिकाआधी उचल द्यायची आणि माल आल्यावर वसूल करायची, ही रीत अडत्याच्या गादीवर रोज चालत होती. नाटकासाठी तिला फक्त दुसरा माल मिळाला.

यावर पहिला आक्षेप सहज येतो, आणि तो किरकोळ नाही. नाटकाला आश्रय अडत्यांनी दिला नाही, वकिलांनी दिला, असे म्हणता येईल. नावे बघितली तर ते खरेच वाटते. 1905 साली मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदावर मुंबई-पुण्याचा नट किंवा नाटककार नव्हता. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे होते. 1896 साली ‘वीरतनय’ लिहून किर्लोस्कर मंडळींना पारशी रंगभूमीच्या चालींची गोडी लावणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हेही वकीलच. 1912 साली साहित्य संमेलन अकोल्यात हरि नारायण आपट्यांच्या अध्यक्षतेखाली भरले, त्यामागेही शहरातला शिकलेला पेशेवाला वर्गच होता. पण या वकिलांची फी येत होती कुठून? वऱ्हाडातल्या कोर्टात जमिनीचे, गहाणखतांचे, सावकारीच्या वसुलीचे आणि भागीदारीतल्या तंट्यांचे दावे चालत. जमिनीला भाव आला तो कापसाने आणि तंटे वाढले तेही कापसाने. कोल्हटकरांनी वकिली केली त्या गावांची नावे वाचा: अकोला, खामगाव, जळगाव-जामोद. खामगावची तर साऱ्या देशात ओळख कापसाच्या बाजारपेठेची. वकिलाची आवड खरी होती, त्याची जाणही खरी होती; तिला परवडण्याची सोय मात्र बाजाराने केली. आवड आणि ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहास लिहिताना आपण पहिलीचे गोडवे गातो, दुसरीची खातेवही उघडत नाही.

वकिलांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. वऱ्हाडात नुसता प्रेक्षक तयार झाला असे नाही, काही काळ लेखकही तयार झाला. अमरावतीचे वीर वामनराव जोशी हे स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेले पत्रकार. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शने केले, तर ‘रणदुंदुभी’ 1927 साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने. दोन्ही नाटके अमरावतीच्या माणसाची आणि दोन्ही कंपन्या बाहेरच्या. हा तपशील पुढे कामाला येईल, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

त्याच 1927 सालच्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात जे घडले, त्याचा नाटकाशी संबंध नव्हता, पण नाटकगृह म्हणजे काय याचा मात्र होता. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून शहरात चळवळ उभी राहिली होती. देवस्थानाच्या पंचांत खापर्डे होते आणि मंदिराचे दार बंद होते. 13 नोव्हेंबरला वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली, ती इंद्रभुवनात. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची बातमी आली, आणि तरीही काम पुढे चालले. ज्या गावात देवीचा गाभारा बंद होता त्या गावात हजारोंना एका छताखाली बसवणारी जागा थिएटरची निघाली, याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. मंदिरावर वहिवाटीचा हक्क चाले, थिएटरवर भाड्याचा. भाडे भरणाऱ्याची जात विचारण्याची सवय बाजाराला कमी असते. उदारपणामुळे नव्हे, व्यवहारामुळे. म्हणून नाटकगृह हे समतेचे पीठ होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आत खुर्ची, बाक आणि जमीन असे दर होते, बायकांची बसायची जागा वेगळी होती, आणि दरांच्या भिंती पुष्कळदा जातीच्या भिंतींवरूनच उभ्या होत्या. पण तिकिटाची भिंत पैशाने ओलांडता येते, आणि पहिल्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षांच्या गावात हा फरक त्या वर्षी फार स्पष्ट दिसला.

आता 1930 कडे येऊ. मराठी नाटकाच्या इतिहासात एक ठरीव वाक्य आहे की बोलपटाने नाटक मारले. ‘आलम आरा’ 1931 साली आला, ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली; बळवंत मंडळीने गाशा गुंडाळून सांगलीत चित्रपट काढायला घेतला आणि बालगंधर्व ‘धर्मात्मा’साठी प्रभातच्या पडद्यावर गेले, तो चित्रपट 1935 सालचा. तारखांची सांगड पक्की बसते, त्यामुळे कोणी पुढे विचारत नाही. पण याच दोन-तीन वर्षांत जागतिक मंदीने कापसाचा भाव जवळपास निम्म्यावर आणला होता. जो दौरा हंगामाच्या रोकडीवर उभा होता तो रोकड आटल्यावर कसा टिकणार? साठ माणसांचा संसार घेऊन आलेल्या मंडळीला घर भरले नाही तर दुसऱ्या दिवशीचा किराणा उधारीवर आणावा लागे. बोलपटाची पेटी जेवत नव्हती. तिच्याबरोबर फार तर एक माणूस येई, ती चार आण्यांच्या तिकिटावर चालू शके आणि खेळ पडला तर चौथ्या दिवशी पुढच्या गावी जाई. महागडी करमणूक पडलेल्या भावात परवडेनाशी झाली आणि स्वस्त करमणूक नेमकी त्याच वेळी हाताशी आली. वऱ्हाडपुरते तरी मी असे म्हणेन की नाटक मंडळ्यांना आधी कापसाच्या भावाने जेरीस आणले आणि बोलपटाने त्यांची रिकामी जागा घेतली. सरकारनेही नव्या धंद्याची नोंद लवकर घेतली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा करमणूक कराचा कायदा 1936 सालचा आहे.

इथून कथेत अमरावतीची भूमिका बदलते. नाटकाच्या काळात ती फक्त मुक्कामाची जागा होती. सिनेमाच्या काळात ती पेठ झाली. हिंदी चित्रपट देशभर विकला जातो तो प्रदेश वाटून, आणि या प्रदेशांना धंद्यात सर्किट म्हणतात. त्यांपैकी एकाचे नाव सी. पी. बेरार. नागपूर, अकोला, जबलपूर, रायपूर हे सगळे त्याच्या पोटात, आणि वितरकांच्या कचेऱ्यांचे गाव अमरावती. इंदूरचे सेंट्रल इंडिया वेगळे, जयपूरचे राजस्थान वेगळे. राज्यकारभाराच्या दृष्टीने सी. पी. बेरार कधीच संपले. 1950 साली त्याचे मध्य प्रदेश झाले, 1956 साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 2000 साली छत्तीसगडही वेगळे निघाले. पण चित्रपटाच्या व्यापारी पत्रकांत कमाईचे आकडे सी. पी. बेरारच्या रकान्यात छापले जात राहिले. रायपूरच्या प्रेक्षकाने काढलेल्या तिकिटाचा हिशेब महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी लागतो, हे शासनाच्या नकाशावर विचित्र दिसते. धंद्याच्या नकाशावर मुळीच नाही.

हा धंदा चाले कसा, ते जरा जवळून बघण्यासारखे आहे. मुंबईचा निर्माता चित्रपट पुरा होण्याआधीच सर्किटचे हक्क विकी. अमरावतीचा वितरक एम. जी. म्हणजे मिनिमम गॅरंटी कबूल करून त्यातली काही रक्कम आगाऊ मोजी, आणि त्या पैशावर निर्मात्याचे उरलेले शूटिंग होई. हक्काबरोबर मोजक्या प्रिंटा मिळत. प्रिंट म्हणजे पत्र्याच्या पेटीतली चौदा-सोळा रिळे. हजार फुटांचे एक रीळ दहा-अकरा मिनिटे चाले. प्रिंट महाग, म्हणून ती एका दिवसासाठीही रिकामी बसणे वितरकाला परवडत नसे. आधी अमरावती, अकोला, नागपूरच्या चांगल्या टॉकीजमध्ये, मग तालुक्याला, मग गावच्या जत्रेत तंबूखाली असा तिचा प्रवास होई, आणि शेवटच्या मुक्कामी पोचेस्तोवर पडद्यावर पाऊस पडायला लागे. एकाच प्रिंटवर शेजारशेजारच्या दोन टॉकीज चालवायची रीतही होती. पहिल्या टॉकीजमध्ये दोन रिळे संपली की पोऱ्या सायकलवर ती दुसरीकडे पोचवी, आणि सायकल पंक्चर झाली की तिकडच्या प्रेक्षकांना नको तिथे इंटरव्हल मिळे. पेटी रेल्वेच्या पार्सलने किंवा एस. टी.च्या टपावरून येई. टॉकीजवाल्याशी करार कधी ठरावीक भाड्याचा, कधी टक्केवारीचा, आणि गल्ला खरा किती झाला हे बघायला वितरकाचा माणूस खिडकीशी बसलेला. उचल, दलाली, टक्केवारी, वजनावर नजर ठेवणारा माणूस, हंगाम आणि रेल्वे पार्सल यांतली एकही गोष्ट कापसाच्या बाजाराला नवी नव्हती.

दुसरा आक्षेप असा की सी. पी. बेरार हे नाव टिकले ते निव्वळ सवयीने. निजाम आणि म्हैसूर ही नावेसुद्धा सर्किटांत टिकली आहेत, मराठवाडा अजून निजामच्या हिशेबात धरला जातो, तेव्हा यात कापसाचा काय संबंध? आक्षेपाचा अर्धा भाग बरोबर आहे. नाव सवयीने टिकले. पण सर्किट नुसते प्रांताच्या हद्दीने आखले असते तर त्याची सूत्रे नागपूरला असायला हवी होती, कारण राजधानी तिथे होती, सचिवालय तिथे होते आणि लोकसंख्याही तिथे जास्त होती. वितरकांनी मात्र अमरावती निवडली. याहून बोलका पुरावा भुसावळचा आहे. या साऱ्या टापूतल्या वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य ठाणे भुसावळला. भुसावळ कधीही सी. पी. बेरारमध्ये नव्हते, ते मुंबई इलाख्यातले, पूर्व खानदेशातले गाव. तिथे ना मोठा प्रेक्षक, ना सरकार. तिथे होते ते जंक्शन: मुंबईहून आलेली लाइन जिथे नागपूरकडे आणि इटारसीकडे फुटते ते ठिकाण. म्हणजे धंद्याने प्रांताची वेस पाहिली नाही; गाडी कुठे बदलते आणि पैसा कुठे उभा राहतो ते पाहिले. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या आधी साठ-सत्तर वर्षे कापसाने देऊन ठेवली होती. नागपूरला कचेरी होती, अमरावतीला पत होती, एवढाच याचा निष्कर्ष मी काढतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत टोचणारा आहे. कापूस पिकवणारा कुणबी, माळी, मजूर यांच्या हाती पैसा राहिलाच कधी? जो माणूस सरकीच्या भावासकट नागवला गेला, त्याच्या घामावर वाढलेल्या व्यापाराला ‘वऱ्हाडची सुबत्ता’ म्हणून नाटक-सिनेमाचे श्रेय द्यायचे, हे काही बरोबर नाही. हे मला पटते, आणि म्हणूनच ही पक्की नाटकगृहे शहरांत उभी राहिली, खेड्यांत नाही. शहराच्या थिएटरात बसे तो अडत्या, वकील, कारकून, मास्तर, जिनातला आणि सावतराम मिलसारख्या गिरणीतला कामगार. शेतकरी तिथे पोचे तो वर्षातून थोडे दिवस: बंडी भरून कापूस आणायचा, काटा व्हायला रात्र पडायची, बैल सोडून बाजारातच मुक्काम करायचा आणि हाती पडलेल्या रकमेतून शेवटचा खेळ बघायचा. त्याची खरी रंगभूमी निराळी होती. चांदूर बाजारजवळच्या बहिरमची जत्रा डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सुरू होऊन जानेवारी संपेस्तोवर चालते, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. हंडीतले मटण आणि तमाशाचे फड ही तिची एके काळची ख्याती. गाडगेबाबांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांचे खंजिरीवरचे भजन याच मुलखातले, उघड्या आभाळाखालचे आणि बिनतिकिटाचे. म्हणजे एका कापसाने दोन प्रेक्षागारे घडवली. छताखालच्याचा इतिहास लिहिला गेला, कारण त्याची तिकिटे होती, करार होते, हँडबिले होती.

शेजारच्या झाडीपट्टीकडे पाहिले की या युक्तिवादाची कसोटी लागते. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत, कापूस नाही, धान आहे. तिथे वऱ्हाडइतका पैसा कधी नव्हता. तरी धान कापून झाल्यावर, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने, रात्र-रात्र चालणारी नाटके तिथे आजही होतात. वडसा हे त्या धंद्याचे ठाणे, कंपन्या तिथल्या, लेखक तिथले, बोलीही तिथली. पीक आणि पैसा यांनीच रंगभूमी घडते असे म्हणणाऱ्याला वडसा अडचणीत आणते. पण माझे म्हणणे तसे नाहीच. पैसा आणि रेल्वे असली की बाहेरचा तयार माल दारात येतो. घरी काही करायची निकड राहत नाही. बालगंधर्व अमरावतीला येत होते, वडशाला येत नव्हते, म्हणून वडशाने आपले नाटक आपण केले. वऱ्हाडच्या रुईच्या गाठी बाहेर जात आणि तिचे कापड होऊन विकत परत येई. करमणुकीचेही तेच झाले. आधी मंडळ्यांचे दौरे विकत घेतले, मग प्रिंटा. वामनराव जोशांच्या नाटकांना बाहेरच्या कंपन्या शोधाव्या लागल्या तो तपशील इथे येऊन जोडला जातो. अमरावतीने चित्रपट देशाच्या मध्यावर भरपूर विकले, पण स्वतःचा स्टुडिओ उभारला नाही. वितरकाचे गाव निर्मात्याचे झाले नाही, जसे दलालाचे गाव फारसे गिरणीचे झाले नाही.

टॉकीज संपल्या त्या का, याची कारणे आता सर्वांना पाठ आहेत: दूरदर्शन, व्हिडिओ, केबल, मग 2001 नंतरच्या करसवलतीवर उभे राहिलेले मल्टिप्लेक्स आणि अखेर हातातला फोन. ही कारणे सोलापूर-सांगलीलाही लागू आहेत, त्यामुळे त्यांच्यावर रेंगाळत नाही. वऱ्हाडच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी धरल्या पाहिजेत. 1972 साली राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि अडत्याचा हंगामी खेळता पैसा त्याच्या हातून गेला. त्यातला काही टॉकीज बांधण्याकडे आणि वितरणाकडे वळला असावा असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करायचा तर व्यापारी घराण्यांच्या वह्या तपासाव्या लागतील. दुसरी गोष्ट तर्काची नाही. गेल्या वीसेक वर्षांत रिळे गेली आणि चित्रपट उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवर येऊ लागला. एकच दिवस, एकच वेळ, मुंबईत आणि मोर्शीत सारखीच. ज्या सर्किटचे सारे वजन मोजक्या प्रिंटा कुठे आधी आणि कुठे नंतर पाठवायच्या यावर होते, त्याचे ते वजन राहिले नाही. पेटी गेली तशी जंक्शनची गरजही गेली.

नाटकाचे जे उरले ते हौशी मंडळींच्या हातात आहे. अमरावतीला संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रे भरतात, अकोल्यात खुले नाट्यगृह आणि प्रमिलाताई ओक सभागृह आहे. लिहिणारे मात्र अजून बाहेरूनच परत येतात. अमरावतीत जन्मलेल्या विद्याधर गोखल्यांनी ‘मंदारमाला’ लिहून संगीत नाटकाला पुन्हा उभारी दिली, ती मुंबईत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार यांनी ‘वाडा चिरेबंदी’त ढासळत्या वाड्यातल्या माणसांच्या तोंडी वऱ्हाडी बोली घातली, 1985 साली ते मुंबईच्या कलावैभवने केले, दिग्दर्शन विजया मेहतांचे. आणि कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची भीती ज्याच्या घराला ग्रासून बसली आहे असा नायक मराठी पडद्यावर ठसठशीतपणे आला तो यवतमाळच्या सतीश मनवरांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये, 2009 साली. शंभर वर्षे कापसाच्या पैशावर चाललेल्या पडद्यावर कापूस पिकवणाऱ्याला यायला इतका उशीर झाला, आणि त्याच वर्षी तो चित्रपट दाखवला गेला तो हॉलंडातल्या रॉटरडॅमच्या महोत्सवात.